जरा सैल ठेवलेली कॉइल

३ फेब्रुवारी, रविवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडता तसंच ठेवून दिलंस, तर माझी तक्रार नाही. फोडलं असशील तर बातमी एवढीच, की मी गिटार घेतली. विजेवरची. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, सगळा जन्म जळक्या मोटरी सोडवण्यात आणि नव्यानं गुंडाळण्यात गेला, आणि आता हे. हस. मीही हसलो.

झालं असं, की वाद्यांच्या दुकानातला हवा ओढणारा पंखा ओरडत होता. दुकानदार छपराखालीसुद्धा काळा चष्मा लावतो, म्हणून त्याला आपण गॉगलवाला म्हणू. तो म्हणाला, "काका, मोटर गेली." मी दारातूनच सांगितलं, "मोटर ठणठणीत आहे. मागचं बेअरिंग सुकलंय." तेलाचे चार थेंब सोडले, पंखा गप्प. आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत मी म्हटलं, "बघा, झालं की नाही?" तर भिंतीवरून कुणीतरी हुंकार दिला. अगदी बारीक. तीसेक वाद्यं टांगलेली, सगळी मख्ख, आणि एकीच्या तारा माझ्या आवाजानं थरथरत होत्या.

गिटार म्हटली की कमरेत बारीक, दोन्हीकडे गोल, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं ना? ही तशी नाही. कुणीतरी चौकोन दोन हातांत धरून एका अंगाला ओढलाय, आणि वर त्याचा खालचा कोपरा खाल्लाय. रंग पिवळा, पण भडक नाही. वॉर्निश सुकल्यावर तांब्याच्या तारेला येतो तसा मधाळ.

"चार वर्षं टांगलीये, काका," गॉगलवाला म्हणाला. "मांडीवर बसतच नाही. लोक घेतात, ती घसरते, लोक हसतात, परत टांगतात. त्यातून मान जड. हात सोडला की डोकं जमिनीकडे."

मी म्हटलं, "द्या. आमच्या घराण्यात सगळे असेच आहेत."

घरी आणली तर तुझी भावजय म्हणाली, "ही काय इस्त्री उभी करून ठेवलीय?" आणि माझी खुर्ची गिटारला दिल्यावर म्हणाली, "बघा, कानामागून आली नि तिखट झाली." वर्कशॉपमधला आमचा मुकादम तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून विचारतो, "शेठ, बनवणाऱ्यानं अर्धवट सोडलीय की हीच पुरी आहे?" ज्याला त्याला वेगळं काहीतरी दिसतं. मला मात्र राहून राहून वाटतं, हा आकार मी पाहिलाय. रोज पाहिलाय. पण कुठं, ते काही केल्या आठवत नाही. म्हणून मोटरच्या खाचांत घालतो त्या जाड कागदावर ती आडवी ठेवून पेन्सिलीनं कड काढली. घडी सोबत आहे. तुला काय दिसतं, बघ.

आवाजाचं सांगायचं राहिलं. वीज नसताना ती पुटपुटते, भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी बोलावं तशी. मी आपला लांब स्क्रू-ड्रायव्हर तिच्या लाकडावर टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि तार छेडली. ताई, बेअरिंग ऐकता ऐकता तीस वर्षं गेली. आत इतकं काही चाललेलं असतं आणि ते बिघाड नसतं, हे पहिल्यांदा कळलं. मग वायर लावून आवाज मोठा करणारी तिची पेटी चालू केली, तर ती गुणगुणायला लागली. सारखी. मोटर अशी गुणगुणली तर आपण गिऱ्हाइकाची माफी मागतो. पण गंमत अशी, की तारांवर नुसता हात ठेवला की गप्प. हात काढला की पुन्हा सुरू.

अकरा वर्षांनी एकाएकी पत्र का, ते विचारू नकोस. सत्काराचा तो विषय मी आज काढत नाही.

तुझा भाऊ

२४ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं म्हणालोही नव्हतो.

दर रविवारी दुपारी वर्कशॉप बंद असतं तेव्हा मी तिथं जाऊन बसतो. टेबलं पुसलेली, कॉइली ओळीनं टांगलेल्या, आणि वरच्या काचांतून उजेड असा उतरतो, की धूळसुद्धा कामाला आल्यासारखी वाटते. मांडीवर ती घसरते म्हणून मी तिला टेबलावर आडवी ठेवतो आणि आजाऱ्याची नाडी बघावी तसा एकेका तारेवर बोट टेकतो. सूर कसले, नुसती ओळख चाललीय. जाड तार म्हणजे बाहेरच्या फाटकाची कडी. सर्वांत बारीक तार म्हणजे तू पेनच्या टोपणात फुंकायचीस ना, ते. मधल्या तारा अजून मला अहो-जाहो करतात.

आज एक नवल झालं. तिच्यावर वाकून मी आपल्याशीच म्हणालो, "आता कुठं बोट ठेवू, बाई?" तर पेटीतून माझाच आवाज आला. लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा. "...ठेवू, बाई?" मग दार लावून घेतलं आणि तासभर तिच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

खोलून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. तारांच्या खाली एक कॉइल असते. आपलीच जात, फक्त तार केसाहून बारीक आणि मधे लोखंडाऐवजी चुंबक. तिचं नाव पिकअप. गुंडाळणाऱ्यानं ती सैल गुंडाळलीय. वेढे आतल्या आत हलतात, म्हणून कुणी बोललं की तेही तिला ऐकू येतं. तुझ्यासमोर मी अशी सैल कॉइल ठेवली असती, तर खाचेत ठोकायची ती बांबूची पाचर माझ्या बोटांवर बसली असती. "सोड. पुन्हा पहिल्यापासून." आठवतं? आपल्या जुन्या खोलीत तू हातानं चरखा फिरवायचीस आणि गुणगुणत वेढे मोजायचीस. गाण्याचा एक फेरा झाला की शंभर. मधेच मी काही विचारलं तर उत्तर द्यायची नाहीस, फेरा संपल्यावरच द्यायचीस. मला कितीतरी गोष्टी तीन-चार मिनिटं उशिरानं कळल्या आहेत.

असो. हा दोष मी येत्या रविवारी काढून टाकणार. धंद्यात नाव आहे आपलं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझ्या सत्काराला लोक टाळ्या वाजवत होते आणि तू न जेवता उठून गेलीस, ते मलाही लागलं. एवढंच.

तुझा भाऊ

१३ मार्च, बुधवार

ताई,

तुझं कार्ड आलं. एका ओळीचं. मी ते तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

"ससोबा, हे आपल्या खोलीतलं तीनचं ऊन आहे."

ससोबा! लहानपणी माझ्या कानांवरून तू ठेवलेलं नाव. मी तुझं कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसलो, आणि सगळी खोली परत आली. पश्चिमेची ती एकच खिडकी. तिची एक काच फुटलेली, तिथं बाबांनी पत्र्याचा तुकडा मारलेला. तीन वाजता ऊन आत यायचं ते तिरकं, ओढल्यासारखं, आणि पत्र्याच्या जागी कोपरा खाल्लेलं. तू तुझं स्टूल त्यात सरकवायचीस, कारण बारीक तार उन्हातच दिसायची. मी जमिनीवर, तुझ्या पायांशी, त्या पिवळ्या चौकोनाच्या कडेला. सात वर्षं. आणि मला कळलं नाही! ही म्हणे सगळ्या गावाची मोटर दारातून ओळखणारी असामी! कान ठेवले नि डोळे विकले, दुसरं काय.

आता कबुली. दोन आहेत. सोपी आधी.

मी गिटार भाजली. म्हणजे तिचा पिकअप. मोटरच्या कॉइलचा जो नेम, तोच लावला. वॉर्निशमध्ये बुडवली, ट्रेमध्ये ठेवली आणि भट्टीत सव्वाशे डिग्रीवर चार तास. हातांना सवय, डोक्याला सुट्टी. आपल्या कॉइलीचा साचा फायबरचा, हिचा प्लास्टिकचा, हे भट्टी उघडल्यावर आठवलं. मुकादमानं ट्रे ओढला, वास घेतला.

"शेठ, हे काय लावलं होतं?"

"गिटार."

"झालीय का बघू? एका बाजूनं अजून कच्ची वाटते."

सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो, पण ती गप्प झालीय, ताई. वायर लावली तरी गुणगुण नाही. मला वाटलं नव्हतं, की एखादी गुणगुण बंद झालेली मला इतकी जाणवेल. नवा पिकअप आणावा, तर ह्या तिरक्या खाचेत बसणारा बाजारात नाही. लेथवाल्याकडून फायबरचे दोन साचे करून घेतले. पण तार गुंडाळणार कोण? माझं मशीन मिनिटाला हजार वेढे टाकतं आणि ही तार तीनदा तोडून बसलं. हातानं करायला गेलो, तर सहाशेच्या आसपास तुटली. माझी बोटं जाड झालीत. तार तुटायच्या आधी बोटाला सांगते, असं तू म्हणायचीस. मला ती आता सांगत नाही.

दुसरी कबुली.

मागच्या पत्रात मी लिहिलं, की तू उठून गेलीस ते मला लागलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि अर्धं सांगायची कला मला चांगली येते. पूर्ण असं. आपल्या मोटरवाल्यांच्या संघटनेच्या सेक्रेटरींनी स्टेजवर विचारलं, "तुमचे गुरू कोण?" तू तिसऱ्या रांगेत होतीस, मांडीवर पर्स, बोटाला चिकटपट्टी, आदल्या दिवशीच माझ्या एका घाईच्या मोटरीनं कापलं होतं ते. तू जरा पुढं सरकून बसलीस, ते मी पाहिलं. आणि मी माईकवर म्हणालो, "गुरू कुणी नाही. माझे हे दोन कान." लोक हसले, टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी तुझ्याकडे बघत विचारलं, "आणि ह्या?" मी म्हणालो, "आमची ताई. घरी वेळ जात नाही म्हणून येते हाताखाली."

हाताखाली, असं म्हणालो.

माझ्या त्या 'दोन कानां'ची कात्रणं वर्कशॉपच्या भिंतीवर चौकटीत लटकली आहेत. अकरा वर्षं मी नव्या माणसाला ती दाखवतो. एकट्याच्या जिवावर उभा राहिलेला माणूस. लोकांना ती गोष्ट आवडते. मलाही आवडायची.

सोबतच्या डबीत एक साचा आणि तारेचं रीळ आहे. रागानं परत पाठवलंस तरी चालेल. डोळे कसे आहेत, एवढं विचारायलाही तोंड मी ठेवलं नाही, तरी विचारतो.

ससा

११ एप्रिल, गुरुवार

ताई,

डबी परत आली, तेव्हा वजनावरून मला वाटलं, रिकामीच आली. मोटरवाल्याची अक्कल! आठ हजार वेढ्यांचं वजन ते काय असणार. कापसात ठेवलेली कॉइल, आणि खाली तुझी चिठ्ठी. ती मी इथं उतरवून काढतो, कारण मूळ चिठ्ठी आता चौकटीत जाणार आहे.

"आठ हजार. मोजू नकोस. भाजू नकोस. भिंगातून दिसतं अजून. मुद्दाम जरा सैल ठेवलीये. बोलायचं असेल तर बोल."

ज्या बाईनं सैल वेढ्यासाठी माझी बोटं सुजवली, तिनं सैल ठेवलीये. मी ती ओळ घेऊन भट्टीमागच्या मोरीत गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. मुकादम बाहेरून म्हणतो, "शेठ, पाणी वाया चाललंय." म्हटलं, "जाऊ दे आज."

रविवारी बसवली. एकट्यानं नाही. सगळ्या कारागिरांना बोलावलं, तुझी भावजय आली, गॉगलवाला आला, आणि रिक्षा पाठवून सेक्रेटरींना आणलं. ते आता काठी टेकत चालतात, पण जीभ तीच. आल्या आल्या म्हणाले, "काय हो, म्हातारपणी वाजंत्री?"

वायर लावली, पेटी चालू केली आणि ती गुणगुणायला लागली. गॉगलवाला म्हणाला, "काका, ही हम काढता येते. आतून तांब्याची पट्टी मारू." मी म्हटलं, "हात लावू नका. ती मोजतेय."

मग मी छेडली. मला तीनच सूर येतात, तेवढेच वाजवले. भट्टीतून बाहेर काढलेली मोटर पहिल्यांदा न अडखळता फिरते, तेव्हा वर्कशॉपमध्ये जशी शांतता होते, तशी झाली. सूर संपल्यावरही कुठंतरी चालूच होता, टांगलेल्या कॉइलींच्या मधून निघून काचांपर्यंत. गॉगलवाल्यानं चष्मा काढला. पहिल्यांदाच पाहिले त्याचे डोळे, साधेच आहेत. म्हणाला, "हे मशीनचं काम नाही. कुणी गुंडाळलंय?"

बोलायची वेळ हीच होती. तयारीही केली होती, भाषण पाठ होतं. आणि मी लावलेलीच वायर काढून पुन्हा लावत बसलो. सेक्रेटरी बघतायत, मुकादम बघतोय, चौकटीतला मी बघतोय. तेव्हा तुझी ओळ आठवली. मी गिटारवर वाकलो, तोंड तुझ्या कॉइलीजवळ नेलं आणि जरा मोठ्यानं म्हणालो, "माझ्या ताईनं. आणि मला काम शिकवलं तेही तिनंच. माझ्या कानांनी नाही. त्या दिवशी स्टेजवर मी खोटं बोललो."

पेटीतून ते विहिरीतून आल्यासारखं आलं. माझाच आवाज, पण माझ्यापेक्षा बरा माणूस बोलतोय असं वाटत होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादम म्हणाला, "म्हणजे शेठ, इतकी वर्षं आम्हाला त्या कानांच्या गोष्टी सांगून पिळलंत ते फुकटच?" सेक्रेटरी काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. तिच्या बोटाला पट्टी होती, तुमच्या नव्हती." आणि तुझी भावजय चहाचे कप गोळा करत म्हणाली, "मला तर लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. ह्यांनी तोंड उघडायची वाट बघत होते. बरं झालं, गिटारनं तरी उघडलं."

कात्रणं काढली. मागे भिंतीचा रंग वेगळा आहे, स्वच्छ. तिथं तुझी चिठ्ठी लागेल.

ससा

२१ एप्रिल, रविवार

ताई,

तुझं कार्ड काल पोचलं. "खिडकीला तो पत्रा अजून आहे का?" एवढंच विचारलंयस. उत्तर बसल्या जागेवरून देता आलं असतं, अंदाजानं. मी ते अंदाजानं द्यायचं नाही असं ठरवलं.

आपली खोली आता एका शिंपीणबाईंकडे आहे. मी पाठीवर ही तिरकी गिटार घेऊन दारात उभा, त्या तोंडात टाचण्या धरून माझ्याकडे बघतायत. म्हटलं, "बाई, मला काही शिवायचं नाही. तीन वाजेपर्यंत बसू द्याल?" त्यांनी टाचण्या काढल्या. "का हो?" मी म्हटलं, "इथं माझी ताई बसून काम करायची. तिनं मला इथंच शिकवलं." बघ, किती सोपं वाक्य आहे. अनोळखी बाईला सांगायला दोन क्षण लागले. तुला द्यायला अकरा वर्षं.

त्यांनी स्टूल दिलं. मी ते घेतलं नाही. आपल्या जुन्या जागी, जमिनीवर बसलो. शिलाई मशीनची टकटक, फडक्यांचे ढीग, आणि हळूहळू खिडकीखालून ऊन आत सरकायला लागलं. आधी नुसती एक रेघ, मग पट्टी, मग तिरका चौकोन. मी गिटार आडवी ठेवली. आधी बसेना. ऊन लांब, ती आखूड. मग ऊन सरकत सरकत आलं आणि एका घडीला, ताई, कड कडेला लागली. खाल्लेला कोपरासुद्धा. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. पिवळ्यावर पिवळं असं, की लाकूड कुठं संपतं आणि ऊन कुठं सुरू होतं ते कळेना. वायर नव्हती, पेटी नव्हती, तरी मी कान टेकवला. ती गुणगुणत होती की मीच, सांगता येत नाही.

मग ऊन पुढं निघालं. गिटारवरून उतरून जमिनीवर गेलं आणि जिथं तुझं स्टूल असायचं तिथं जाऊन थांबलं. तिथं कुणी नव्हतं.

पत्रा आहे, ताई. गंजलाय, पण आहे. ऊन तीनला येतं आणि वीसेक मिनिटं थांबतं. तेवढ्यात पोचशील अशी गाडी बघ. स्टूल मी मागून ठेवलंय.

ससा